विक्कातील हर्मेटिक वारसा कसा तपासावा : देवता आणि जादू यांविषयीच्या कल्पनांसाठी एक वाचनमार्ग

साताऱ्यात किंवा वाईत चार-सहा जणांचे अभ्यासमंडळ जमवून पाश्चात्त्य गूढविद्येचे वाचन करायचे ठरवले, की विक्का, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये पुढे आलेला चेटकिणींचा नवा धर्म, हा विषय लवकरच पुढे येतो. कारण त्याविषयी इंटरनेटवर भरपूर मजकूर सापडतो आणि त्यातला बराचसा एकमेकांना छेद देणारा असतो. एका ठिकाणी विक्काची शिकवण थेट प्राचीन इजिप्तमधल्या हर्मीसकडून आली असे ठामपणे सांगितलेले असते, तर दुसरीकडे गेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याने सगळेच घरी बसून रचले, असा निकाल दिलेला असतो. दोन्ही मते आळसातून आलेली आहेत. हर्मेटिक तत्त्वज्ञानाचा, म्हणजे या हर्मीसच्या नावावर असलेल्या प्राचीन लेखनातल्या विचारांचा, विक्कावर प्रभाव आहे, हे नाकारता येत नाही. परंतु तो कोणत्या वाटेने आला, कुठे गडद आहे आणि कुठे नुसता भास आहे, हे एकेका कल्पनेपुरते तपासावे लागते. ते कसे करावे, हे पुढे सांगितले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ते वाचता वाचता पडताळता येईल. हा प्रभाव प्राचीन ग्रंथांतून थेट आलेला नाही; तो प्रबोधनकाळातील पंडित आणि एकोणिसाव्या शतकातील गूढमंडळे यांच्या हातून, बराच बदलून आलेला आहे. जादूविषयीच्या कल्पनांत तो ठळक आहे. देवतांविषयीच्या कल्पनांत तो वरच्या मजल्यावर, म्हणजे परमतत्त्वाच्या पातळीवर दिसतो. प्रत्यक्ष पूजल्या जाणाऱ्या देव-देवीच्या जोडीपर्यंत येईतो पातळ होतो.

वही कशी आखावी

एक फुलस्केप वही घ्यावी आणि पानावर चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात विक्कातील कल्पना किंवा विधीतील कृती लिहावी. दुसऱ्यात तिच्याशी जुळणारा हर्मेटिक उतारा. तिसऱ्यात दोहोंच्या मधला दुवा, म्हणजे कोणी, कोणत्या साली, कोणत्या पुस्तकातून किंवा कोणत्या मंडळातून ती कल्पना पुढे नेली. आणि चौथ्यात आपला निर्णय, ‘वारसा’ की ‘साम्य’. तिसरा रकाना रिकामा राहिला तर चौथ्यात ‘साम्य’च लिहायचे, मग उतारे कितीही जुळोत.

हा नियम कडक वाटेल, पण आपल्याकडे तो विशेष गरजेचा आहे. ‘जसे वर, तसे खाली’ हे हर्मेटिक वचन कानावर पडले, की मराठी माणसाच्या तोंडी ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ आपसूक येते, आणि तिथून ‘म्हणजे हे सगळे आपल्याकडूनच तिकडे गेले’ या निष्कर्षापर्यंत पोचायला मंडळाला पाच मिनिटेही लागत नाहीत. तो निष्कर्ष काढण्याआधी तिसऱ्या रकान्यात एक तरी नाव आणि एक तरी साल लिहून दाखवावे, अशी अट ठेवली तर चर्चा भरकटत नाही.

साखळी आधी पाठ करावी

वाचनाला बसण्यापूर्वी दुव्यांची साखळी एका पानावर उतरवून घ्यावी. तिसऱ्या रकान्यात जे येईल ते बहुधा याच पानावरून येणार आहे. साखळीच्या मुळाशी ग्रीक भाषेतील सतरा संवाद आहेत, ज्यांना एकत्रितपणे कॉर्पस हर्मेटिकम म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या सुमारास इजिप्तमध्ये ते लिहिले गेले आणि हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे ‘त्रिवार महान हर्मीस’, याच्या नावावर घातले गेले. इजिप्तचा विद्यादेव थॉथ आणि ग्रीकांचा हर्मीस यांच्या मिलाफातून ही व्यक्तिरेखा उभी राहिली. अस्क्लेपिअस हा आणखी एक संवाद लॅटिन भाषांतरातून पूर्ण मिळतो. 1463 मध्ये फ्लॉरेन्सच्या कोसिमो दे मेदिचीने मार्सिलिओ फिचिनोला प्लेटोचे भाषांतर बाजूला ठेवून आधी हर्मीस हाती घ्यायला लावले. फिचिनोने चौदा संवाद लॅटिनमध्ये आणले आणि ते 1471 मध्ये छापले गेले. त्या काळी हे लेखन मोझेसइतके जुने समजले जात होते. 1614 मध्ये इझाक कझोबोनने त्यातील भाषा आणि संदर्भ तपासून ते ख्रिस्तोत्तर काळातले असल्याचे दाखवून दिले, तरी तोवर युरोपीय जादूशास्त्राची इमारत त्यावर उभी राहिली होती. हाइनरिश कॉर्नेलिअस आग्रिपाचा गूढ तत्त्वज्ञानावरचा तीन भागांचा ग्रंथ 1533 मध्ये संपूर्ण स्वरूपात छापला गेला, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक जादूग्रंथाने त्यावरून उचल केली.

तिथून उडी एकोणिसाव्या शतकात. 1850 च्या दशकात पॅरिसमध्ये एलिफास लेव्हीने कब्बाला (यहुदी गूढविद्या), टॅरो (चित्रांच्या पत्त्यांचा संच) आणि जादू यांची नवी मांडणी केली. 1888 मध्ये लंडनमध्ये वेस्टकॉट, मॅदर्स आणि वुडमन या तिघा फ्रीमेसनांनी (दीक्षाविधी असलेल्या एका बंधुमंडळाच्या सभासदांनी) हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन हे मंडळ स्थापन केले. नावातच ‘हर्मेटिक’ असलेले हे मंडळ आपल्या तपासातली सगळ्यात महत्त्वाची कडी आहे. पुढे जादूवर लिहिणारा अॅलिस्टर क्रोली 1898 मध्ये त्यात दाखल झाला. डायन फॉर्च्युन ही लेखिकाही त्याच परंपरेत घडली. गार्डनर 1936 मध्ये मलायातील सीमाशुल्क खात्याच्या नोकरीतून निवृत्त झाला, 1939 मध्ये न्यू फॉरेस्टमधील चेटकिणींच्या एका गटात आपल्याला दीक्षा मिळाली असे त्याने पुढे सांगितले, आणि 1947 मध्ये हेस्टिंग्ज येथे तो वृद्ध क्रोलीला भेटला. 1951 मध्ये इंग्लंडमधील 1735 चा चेटूकविषयक कायदा रद्द झाल्यावर त्याने 1954 मध्ये या धर्माविषयीचे आपले पहिले उघड पुस्तक काढले. 1953 मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटने त्याच्या विधिसंहितेची भाषा नव्याने घडवली. क्रोलीच्या लेखनातून उचललेले तुकडे तिला त्या संहितेत ताबडतोब ओळखू आले आणि तिने त्यातले बरेचसे काढून टाकले, ही गोष्ट वारशाच्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणून वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.

काय आणि किती वाचावे

मूळ हर्मेटिक साहित्य सगळे वाचण्याची गरज नाही. कॉर्पसमधला पहिला संवाद, पोइमांद्रीस, पूर्ण वाचावा. तो लहान आहे. अस्क्लेपिअसमधील विसाव्या ते चोविसाव्या आणि सदतीस-अडतिसाव्या परिच्छेदांवर विशेष वेळ द्यावा. ब्रायन कोपनहेव्हरचे 1992 चे इंग्रजी भाषांतर टिपांसह असल्यामुळे अभ्यासाला चांगले. जी. आर. एस. मीड याचे 1906 चे भाषांतर फुकट मिळते, पण मीड थिऑसॉफिस्ट, म्हणजे एकोणिसाव्या शतकात निघालेल्या एका गूढवादी चळवळीचा अनुयायी, होता आणि त्याच्या शब्दयोजनेत तो रंग उतरला आहे. मंडळात त्याची झेरॉक्स वाटायची तर ही सूचना पहिल्या पानावर लिहावी. प्लेटो आणि एकूण ग्रीक तत्त्वज्ञानाची पार्श्वभूमी हवी असणाऱ्यांनी वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश उघडावा; मराठीतून नेमके तेवढेच हवे असते तेव्हा तो अजूनही पुरेसा पडतो. विक्काच्या बाजूने गार्डनरची 1954 आणि 1959 ची पुस्तके आणि ‘देवीची आज्ञा’ म्हणून ओळखले जाणारे, व्हॅलिएंटच्या हातचे गद्य एवढे पुरते.

देवतांविषयीच्या कल्पना तपासताना

पोइमांद्रीसमध्ये निवेदकाला एक अमर्याद सत्ता दर्शन देते आणि स्वतःला सर्वाधिपती मन म्हणवते. हे आदिमन स्त्री आणि पुरुष दोन्ही आहे, जीवन आणि प्रकाश आहे, असे नवव्या परिच्छेदात म्हटले आहे; त्यातून दुसरे, सृष्टी घडवणारे मन जन्मते आणि ते सात ग्रहाधिपती निर्माण करते. अस्क्लेपिअसच्या विसाव्या परिच्छेदात, एकाच नावाने ज्याला हाक मारता येत नाही अशा त्या ईश्वराला दोन्ही लिंगांचे सामर्थ्य असल्याचे पुन्हा सांगितले आहे.

आता विक्काकडचा एक मजकूर जवळून पाहावा. गार्डनरची शिष्या पॅट्रिशिया क्राउदर हिने 1970 च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या एका आशीर्वचनात ‘ड्रिक्टिन’ या नावाच्या आदितत्त्वाला आवाहन आहे. ते आरंभापासून आहे आणि अनंतापर्यंत राहील, ते स्त्री आणि पुरुष दोन्ही आहे, सर्व गोष्टींचा मूळ स्रोत आहे, सर्वज्ञ, सर्वव्यापी आणि अविकारी आहे, अशी त्याची विशेषणे आहेत. नाव जुन्या इंग्रजीतून आणलेले आहे, पण विशेषणांचा क्रम पोइमांद्रीस वाचलेल्या माणसाला ओळखीचा वाटतो. पहिला आणि दुसरा रकाना असा सहज भरतो. तिसऱ्यासाठी मॅदर्सकडे जावे. गोल्डन डॉनच्या स्थापनेच्या एक वर्ष आधी, 1887 मध्ये, त्याने कब्बालाविषयीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले आणि प्रस्तावनेत तक्रार केली, की बायबलच्या भाषांतरकारांनी ईश्वराच्या स्त्रीत्वाचे उल्लेख दडपून टाकले. गोल्डन डॉनच्या शिकवणीत एका आदिबिंदूतून पुरुष आणि स्त्री अशी दोन तत्त्वे निघतात आणि विश्व त्यांच्या तोलावर उभे राहते. डायन फॉर्च्युनने हेच पुढे नेले. सर्व देव हे एकच देव आणि सर्व देवी या एकच देवी, हे तिचे वाक्य आज विक्काच्या अनुयायांच्या तोंडी कायम असते. म्हणून चौथ्या रकान्यात ‘वारसा’ लिहायला हरकत नाही, मात्र कब्बालाच्या वाटेने आलेला, हेही सोबत लिहावे.

पण त्या खालच्या पायरीवर वारसा संपतो. शिंगधारी देव आणि चंद्राशी जोडलेली महादेवी ही विक्कातली खरी पूज्य जोडी हर्मेटिक ग्रंथांत कुठेही नाही. शिंगधारी देवाचा मुख्य आधार मार्गारेट मरेचा 1921 चा सिद्धान्त, ज्यात युरोपातील चेटकिणी म्हणजे एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या असे मांडले होते आणि जो इतिहासकारांनी पुढे फेटाळला. डायाना आणि अराडिया ही नावे चार्ल्स लेलँडच्या 1899 च्या पुस्तकातून आली. कुमारी, माता आणि वृद्धा या त्रिरूप देवीला रॉबर्ट ग्रेव्ह्जने 1948 मध्ये लोकप्रिय केले. या सगळ्यांपुढे दुसरा रकाना कोरा ठेवावा. तो भरण्याचा मोह अनेक लेखकांना आवरत नाही, आणि मग इसिस देवीला ओढून आणले जाते. इसिसचे ‘माझी अनेक नावे आहेत’ हे भाषण दुसऱ्या शतकातील अपुलियसच्या कथेत आहे. मध्ययुगात लॅटिन अस्क्लेपिअस अपुलियसच्याच नावावर फिरत होता, त्यामुळे हा गोंधळ थोडाफार समजण्यासारखा आहे, पण गोंधळच आहे.

गार्डनरने 1959 च्या पुस्तकात लिहिलेली एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू देऊ नये. सगळ्यामागे एक परम कारण असणार हे चेटकिणी मान्य करतात, पण ते कारण स्वतःची ओळख कोणाला होऊ देत नाही, म्हणून त्यांचा व्यवहार खालच्या देवांशी असतो, अशा अर्थाचे त्याचे विवेचन आहे. हे देव सर्वशक्तिमान नाहीत आणि विधीत माणसांनी उभी केलेली शक्ती त्यांच्याही उपयोगी पडते, असेही त्याचे म्हणणे होते. हे वाचून अस्क्लेपिअसचा सदतिसावा-अडतिसावा परिच्छेद उघडावा. तिथे हर्मीस सांगतो, की माणसांनी देव घडवण्याची कला शोधून काढली: ज्यांत दैवी सामर्थ्य निसर्गतःच असते अशा वनस्पती, खडे आणि सुगंधी द्रव्ये यांच्या मिश्रणाने मूर्ती सिद्ध करायची, आणि स्तोत्रे, यज्ञ व संगीताने तिच्यातील देवतेला प्रसन्न ठेवायचे. संत ऑगस्टीनने याच उताऱ्यावरून हर्मीसला झोडपले.

विक्कातील चंद्र उतरवण्याचा विधी याच्या शेजारी ठेवून पाहावा. पौर्णिमेच्या सुमारास पुरोहित पुरोहितेच्या देहात देवीला आवाहन करतो आणि मग ती देवीच्या मुखाने बोलते. मूर्तीची जागा इथे जिवंत देहाने घेतली आहे. मधला दुवा गोल्डन डॉनमधील एका सरावात सापडतो, ज्यात साधक इजिप्शियन देवतेचे रूप कल्पनेने स्वतःवर चढवून त्या देवतेच्या भूमिकेत विधी करत असे. क्रोलीने तो पुढे चालवला आणि गार्डनरपर्यंत तो पोचला. विधीचे नाव मात्र ग्रीसमधील थेसलीच्या चेटकिणींविषयीच्या प्राचीन दंतकथांतले आहे. नाव एका ठिकाणचे आणि तंत्र दुसऱ्या ठिकाणचे, अशी जोडाजोड विक्कात वारंवार भेटते.

याच ठिकाणी मंडळात कोणीतरी भाद्रपदातल्या गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण काढणार, आणि ती आठवण रास्तही आहे. शाडूची मूर्ती घरात येते तेव्हा माती असते, मंत्रांनी तिच्यात प्राण येतो, आणि उत्तरपूजेनंतर ती पुन्हा विसर्जनाला निघते. हर्मीसचा उतारा समजायला मराठी वाचकाला यामुळे जी सोय होते, ती इंग्रज वाचकाला नाही. ती सोय घ्यावी, पण वहीत नोंद ‘साम्य’ अशीच करावी.

हर्मेटिक ग्रंथ आणि विक्का यांच्यात खरी ठिणगी उडते ती देहाच्या प्रश्नावर. पोइमांद्रीसच्या कथेत आदिमानव पाण्यातले आपले प्रतिबिंब पाहून निसर्गावर भाळतो आणि खाली येतो. पुढे उभयलिंगी जीव स्त्री-पुरुषांत विभागले जातात, आणि वासना हे मृत्यूचे कारण आहे असे अठराव्या परिच्छेदात बजावले जाते. मरणानंतर जीव सात ग्रहगोलांतून वर चढताना एकेक दोष तिथे तिथे परत करत जातो. ही वाट देह सोडून वर जाण्याची आहे. विक्काला देह, ऋतू, शेत आणि मैथुन पवित्र वाटते. चषकात सुरा (चाकू) बुडवून केला जाणारा त्यातला सर्वोच्च विधी स्त्री-पुरुष मीलनाचेच प्रतीक आहे. तेव्हा विक्काने हर्मेटिक विचार उलटा केला, असे म्हणायचा मोह होतो, आणि अर्ध्याअधिक प्रकरणात ते खरेही आहे. तरीही निर्णय लिहिण्याआधी अस्क्लेपिअसचा एकविसावा परिच्छेद वाचावा, जिथे स्त्री-पुरुष समागम हे ईश्वराने दिलेले दिव्य रहस्य मानून त्याची स्तुती केलेली आहे. हर्मीसच्या नावावरचे लेखन एका माणसाचे नाही आणि त्याचे या प्रश्नावर एकमतही नाही.

जादूविषयीच्या कल्पना तपासताना

इथे काम सोपे होते, कारण दुवे बहुतेक छापील स्वरूपात मिळतात. विश्वाचे सर्व थर एकमेकांशी अदृश्य नात्याने बांधलेले आहेत, त्यामुळे एका थरावरची योग्य कृती दुसऱ्या थरावर परिणाम घडवते, हा हर्मेटिक जादूचा पाया आहे. आग्रिपाने त्याचे तीन थर मांडले: पृथ्वी, जल, अग्नी, वायू या महाभूतांचे जग, ग्रहताऱ्यांचे जग आणि बुद्धीचे जग. मग प्रत्येक ग्रहाला धातू, वनस्पती, रंग, खडा आणि वार वाटून दिले गेले. आज एखादा विक्का अनुयायी प्रेमासाठीचा विधी शुक्रवारी, हिरवी मेणबत्ती लावून करतो, तेव्हा तो आग्रिपाच्या कोष्टकाचाच वापर करत असतो. वारांच्या बाबतीत आपल्याकडच्या वाचकाला एक मौज कळते. शुक्रवार हा शुक्राचा आणि शनिवार हा शनीचा, ही व्यवस्था भारतात हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक, ज्योतिषासोबत आली. म्हणजे हे साम्य खरोखरच समान वारशातून आलेले आहे, फक्त प्रवासाची दिशा मंडळातल्या अभिमानी सभासदाला अपेक्षित असते त्याच्या उलट आहे.

‘जसे वर, तसे खाली’ या वचनाचा तपास स्वतंत्र पानावर करावा. ते कॉर्पसमध्ये नाही. पाचूची पाटी या छोट्या मजकुरात आहे. त्या मजकुराचे सर्वांत जुने उपलब्ध रूप आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या अरबी ग्रंथात सापडते, बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला, आणि किमयागारांनी तो डोक्यावर घेतला. न्यूटनच्या कागदांतही त्याचे भाषांतर मिळाले. मूळ वाक्य लांब आहे: खालचे वरच्यासारखे आणि वरचे खालच्यासारखे, ‘एका’चे चमत्कार साधण्यासाठी. आजचे तीन-चार शब्दांचे सुटसुटीत रूप एकोणिसाव्या शतकातील गूढवाद्यांनी रुळवले, आणि विक्कात ते तसेच आले.

आता एक विधी पूर्ण उकलून पाहावा. विक्कातील वर्तुळ आखण्याचा विधी यासाठी उत्तम. वर्तुळ आखणारी व्यक्ती काळ्या मुठीचा सुरा हाती घेते, पूर्वेपासून सुरुवात करून चार दिशांना वळते, आणि पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल व उत्तरेला पृथ्वी यांच्या ‘पहारेबुरुजां’च्या अधिपतींना बोलावते. हे चार तुकडे वेगळे करावेत. चार तत्त्वे ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीसपासूनची सार्वत्रिक ग्रीक मालमत्ता आहे. ती हर्मेटिक म्हणून मोजू नये. दिशांची ही विशिष्ट वाटणी गोल्डन डॉनची. पहारेबुरुज हे नाव सोळाव्या शतकातील इंग्रज गणिती व गूढविद्यावंत जॉन डी याच्या देवदूतांशी संवादाच्या नोंदींतून गोल्डन डॉनने घेतले आणि तिथून विक्काने. काळ्या मुठीचा सुरा आणि वर्तुळ ‘सॉलोमनची किल्ली’ या जादूग्रंथातून, ज्याचे इंग्रजी भाषांतर 1889 मध्ये पुन्हा मॅदर्सनेच केले होते. एका कृतीत चार उगम, आणि त्यांतील तिन्ही अर्वाचीन तुकडे एकाच मंडळातून गेलेले. तिसऱ्या रकान्याचे महत्त्व यापेक्षा चांगले दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

हत्यारांचेही तसेच. कांडी, सुरा, चषक आणि चकती ही चार साधने टॅरोच्या चार रंगांशी जुळवलेली आहेत. गोल्डन डॉनमध्ये कांडी अग्नीची आणि कट्यार वायूची; विक्काच्या काही गटांत नेमके उलटे. यावर वाद घालत बसू नये, कुठला गट काय मानतो एवढे टिपावे. आपल्या वास्तुविचारात अग्नी आग्नेयेला आणि वायू वायव्येला असतो, तत्त्वेही पाच असतात; दोन्ही पद्धतींची खिचडी करून तिसरीच दिशाव्यवस्था तयार करणारे व्हिडिओ सध्या बरेच दिसतात, ते अभ्यासाच्या कामाचे नाहीत.

इच्छाशक्तीचा मुद्दा लेव्ही आणि क्रोली यांच्याकडून आला. जाणणे, धाडस करणे, इच्छिणे आणि मौन पाळणे ही लेव्हीची चतुःसूत्री विक्कात जशीच्या तशी शिकवली जाते, आणि पंचकोनी ताऱ्याचा सुलटा-उलटा असा अर्थभेदही त्याचाच. इच्छेनुसार बदल घडवून आणण्याचे शास्त्र आणि कला, ही जादूची क्रोलीकृत व्याख्या. डायन फॉर्च्युनच्या परंपरेत तिला मुरड घालून ‘जाणिवेत बदल’ असे म्हटले गेले, आणि आजचे बरेच विक्का अनुयायी हीच सौम्य आवृत्ती पसंत करतात. प्राचीन हर्मेटिक लेखनात व्यक्तीच्या इच्छेला असे सिंहासन दिलेले नाही. तिथे ज्ञान आणि भक्ती यांचे महत्त्व आहे. इच्छाशक्तीचा डंका एकोणिसाव्या शतकाचा.

सात नियमांच्या पुस्तकाविषयी

मन, अनुरूपता, स्पंदन, ध्रुवता, लय, कार्यकारणभाव आणि लिंग हे ‘सात हर्मेटिक नियम’ विक्कावरील आधुनिक पुस्तकांत हमखास भेटतात. अमेरिकेतील सेलमच्या लॉरी कॅबॉट या चेटूक शिकवणाऱ्या लेखिकेने 1989 मध्ये त्यांवर आपली शिकवण उभी केली आणि ते घरोघर पोचले. ते आले ‘द किबालियन’ या 1908 मध्ये शिकागोत, ‘तीन दीक्षित’ या टोपणनावाने निघालेल्या पुस्तकातून. त्याचा लेखक विल्यम वॉकर अॅटकिन्सन असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. हाच गृहस्थ योगी रामचारक या नावाने हठयोगावर आणि श्वसनावर पुस्तके लिहीत असे, आणि ती पुस्तके भारतातही आवडीने वाचली गेली. नियमांतील स्पंदनाची भाषा त्या काळच्या अमेरिकन ‘नवविचार’ चळवळीची आहे. म्हणून वहीत या पुस्तकाला हर्मेटिक मूळ म्हणून दुसऱ्या रकान्यात जागा देऊ नये. ते दुवा आहे, त्याची जागा तिसऱ्यात. त्रिगुणित परतफेडीच्या, म्हणजे जे करावे ते तिप्पट होऊन परत येते या, नियमालाही ‘कार्यकारणभावाचा हर्मेटिक नियम’ म्हणणारे आहेत, परंतु त्याचे बीज गार्डनरच्या 1949 च्या कादंबरीत आहे आणि आपल्या कर्मसिद्धान्ताशी त्याचे नाते जोडण्याआधीही तिसऱ्या रकान्याची अट लागू होते.

काही गोष्टी लवकर बाजूला काढाव्यात. दीक्षेच्या तीन पायऱ्या आणि विधीच्या शेवटचे ‘तथास्तु’सारखे वाक्य फ्रीमेसनांचे आहे. वर्षातील आठ सण हे केल्टिक आणि जर्मॅनिक ऋतुसणांवर बेतलेले आहेत. त्यांत हर्मीस शोधत बसणे व्यर्थ.

साताऱ्यात हा विषय उघड बोलताना

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात ‘जादू’ हा शब्द लोक सहज सोडून देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अभ्यासमंडळाची सूचना लावताना विषय ‘धर्मांचा इतिहास’ असा स्पष्ट लिहावा, आणि कोणी उपाय, तोडगा किंवा बाधा उतरवण्याची चौकशी घेऊन आला तर त्याला तिथल्या तिथे नम्रपणे नकार द्यावा. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणूक वा शोषण करण्यास शिक्षा देतो. ग्रंथ वाचण्यास किंवा त्यांची चिकित्सा करण्यास त्याची आडकाठी नाही. यात अभ्यासाच्या दृष्टीने एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की इंग्लंडचा 1735 चा कायदाही चेटूक खरे मानून शिक्षा देणारा नव्हता. चेटकाचे सामर्थ्य असल्याची बतावणी करणाऱ्याला शिक्षा देणारा होता. त्याआधीचे कायदे चेटूक खरे मानत. गार्डनरच्या चाहत्यांनी लिहिलेल्या लेखनात 1951 पर्यंत चेटकिणींना फाशीची भीती होती, असा सूर लागतो, तेव्हा हा फरक दाखवून द्यावा.

मंडळाची पहिली बैठक पोइमांद्रीसच्या पहिल्या एकतीस परिच्छेदांवर ठेवावी, दुसरी अस्क्लेपिअसच्या निवडक भागावर, आणि तिसऱ्या बैठकीला वर्तुळ आखण्याच्या विधीची छापील संहिता मध्ये ठेवून प्रत्येकाने आपापल्या वहीतून एकेक ओळीचा उगम सांगावा. व्हॅलिएंटचे गद्य चौथ्या बैठकीपर्यंत राखून ठेवावे. जे शोधतो आहेस ते तुला स्वतःच्या आत सापडले नाही तर बाहेर कधीच सापडणार नाही, असे देवी तिथे शेवटी सांगते, आणि स्वतःला ओळखणारा परम कल्याणाप्रत जातो, असे पोइमांद्रीसच्या एकोणिसाव्या परिच्छेदात आहे. या दोन ओळींपुढे चौथ्या रकान्यात काय लिहायचे, यावर ती बैठक पूर्ण खर्ची पडली तरी चालेल.